बुद्धांनी ‘इच्छा सोडा’ असं सांगितलेलं नाही

भाचीने नोकरी सोडून पुढे शिकायचं म्हटलं आणि घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला: ‘तृष्णा म्हणजे इच्छा. बुद्ध म्हणतात, सर्व इच्छा हेच दुःखाचं मूळ. म्हणून काही मागू नका. तृष्णा हा शब्द त्रि अधिक उष्ण असा झाला आहे, आणि इंग्रजांनी ‘थर्स्ट’ त्यावरूनच उचलला.’ खाली तिच्यासाठी खास ओळ: ‘आहे त्यात समाधान मान.’ आता मात्र राहवत नाही.

दुःखाच्या कारणांत तृष्णा आहे, हे खरंच. पालीत तिला तण्हा म्हणतात आणि बुद्धांच्या चार आर्यसत्यांपैकी दुसरं, दुःखाच्या कारणाचं सत्य, तिच्याबद्दलच आहे. पण धम्मचक्कप्पवत्तन सुत्त, म्हणजे बुद्धांचं पहिलं प्रवचन, उघडून बघा. तिथे तण्हेला ‘तत्रतत्राभिनन्दिनी’ म्हटलंय, म्हणजे जिथे जाईल तिथे रमू पाहणारी. धम्मपदाच्या तण्हावग्गात, म्हणजे तृष्णेवरच्या प्रकरणात, ती बेसावध माणसाला फळाच्या लोभाने रानात उड्या मारणाऱ्या माकडासारखं एका जन्मातून दुसऱ्या जन्मात पळवते. ही बेचैन हाव झाली. शिकायची इच्छा तिच्यात कुठून आली?

त्याच सुत्तात तण्हेचे तीन प्रकार आहेत: कामतण्हा (विषयसुखाची), भवतण्हा (असण्याची, होण्याची) आणि विभवतण्हा. यातली तिसरी म्हणजे आपण नसावंच, सगळं संपावं, ही ओढ. म्हणजे ‘काहीच नको’ हासुद्धा तण्हेचाच एक अवतार ठरू शकतो! मेसेज लिहिणाऱ्याने इथवर वाचलेलं दिसत नाही.

चांगलं काही करण्याच्या इच्छेला पालीत वेगळा शब्द आहे, छंद. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक् व्यायामाची, म्हणजे योग्य प्रयत्नाची, व्याख्याच ‘छन्दं जनेति वायमति’ अशी आहे: भिक्षू इच्छा निर्माण करतो आणि झटतो. चार इद्धिपादांत, म्हणजे साधनेतल्या सिद्धीच्या चार आधारांत, तर छंदाचा नंबर पहिला. इच्छाच नको असती, तर बुद्धांनी ती निर्माण करायला का सांगितली असती?

‘आहे त्यात समाधान’ हे तर बुद्धांच्या नावावर खपवूच नका, निदान महाराष्ट्रात तरी. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं पाणी प्यायला गेली, ती समाधान मानून घरी बसली नाहीत म्हणून. त्यांचे नेते बाबासाहेब 1956 मध्ये नागपुरात बौद्ध झाले, ते हक्क मागणं सोडण्यासाठी नव्हे. एका मुलीचं शिक्षण अडवायला त्यांच्या धम्माचा आधार घेता, याचा मला संताप येतो.

बाकीचं थोडक्यात. त्रि अधिक उष्ण हे थोतांड आहे. धातू तृष्, तृषा, तृषित त्याचेच. थर्स्टचं नातं मात्र खरं आहे, पण उचलेगिरीचं नाही. कोरडं पडणं अशा अर्थाच्या एकाच जुन्या मुळापासून हे दोन्ही शब्द आले. जर्मन ‘डुर्स्ट’ही तिथलाच. तृष्णेचा थेट वंशज हवाच असेल, तर तो प्राकृतातल्या तण्हामधून मराठीत आलाय: तहान.