‘गुरुजींना जेलात टाकतील’ म्हणे!

परवा सकाळी बाबा रंकाळ्यावरनं फिरून आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "अंबाबाईच्या देवळात आता बाप्यांची बाप्यांशी लग्नं लावाय लागणार म्हणं. खरं हाय काय?" फिरायच्या ग्रुपवर मेसेज आला होता. तो त्यांनी आधी पुढं तिघांना धाडला होता आणि मग मला विचारत होते. नेहमीचाच क्रम.

मेसेजात म्हटलंय ते असं. हिंदूंचं लग्न हा संस्कार आहे, करार नाही, त्यामुळं समलिंगी विवाह होऊच शकत नाही. कायदा झालाच तर नकार देणाऱ्या गुरुजींना जेल. सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध शून्य मतांनी धर्माची बाजू उचलून धरली. हे सगळं पाश्चात्त्य थेर आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत सल्ला: घरात असं लक्षण दिसलं तर लगेच लग्न उरकून टाका, पोरगं आपोआप ताळ्यावर येतं. खाली जोडलेले हात.

आधी गुरुजींना सोडवू. सुप्रीम कोर्टात समलिंगी जोडप्यांची मुख्य मागणी होती ती 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्नाच्या नोंदणीची. काही याचिकांत हिंदू विवाह कायद्याचंही नाव होतं, पण 18 एप्रिल 2023 ला सुनावणी सुरू झाली त्याच दिवशी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगून टाकलं की धर्मांच्या व्यक्तिगत कायद्यांत आम्ही शिरणार नाही. उरला 1954 चा कायदा. त्यात ना होम लागतो, ना सप्तपदी, ना गुरुजी. जो माणूस त्या खोलीतच नाही त्याला जेलात कोण आणि कसा टाकणार? इंग्लंडनं 2013 मध्ये असा कायदा केला तेव्हाही तिथल्या मुख्य चर्चला त्यातून वगळलंच होतं.

आता संस्कार. अर्धं मान्य करतो, नाइलाजानं. विवाह सोळा संस्कारांत आहे आणि त्याचे मंत्र वर-वधूलाच उद्देशून आहेत. मनुस्मृतीलाही पुरुषा-पुरुषांतला संबंध पसंत नाही. एका जागी ती त्याला जातिभ्रंश म्हणते. पण दुसऱ्या जागी प्रायश्चित्त काय सांगते? अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान. पंचगंगेच्या घाटावर तसं स्नान करणारे कितीतरी दिसतील, कारण वेगळं असेल इतकंच. (बायकांना सांगितलेल्या शिक्षा मात्र अघोरी आहेत, तिथं हसू येत नाही.) जन्मठेपेपर्यंतची शिक्षा कुणी आणली? साहेबानं, 1860 च्या दंड संहितेत, कलम 377. सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम कोर्टानं 6 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं. पाश्चात्त्य थेर शोधायचंच असेल तर तिथं शोधा. आणि मनूच्याच आठ विवाहांत पैशाच विवाह आहे: झोपलेल्या किंवा नशेतल्या बाईवर केलेला अत्याचार. त्याला अधम म्हटलंय हे खरं, पण यादीत आहे. 1955 मध्ये हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला, त्याच्या आधीही ‘संस्कार बुडाला’ म्हणून गावभर ओरड झाली होती. आज तीच ओरड करणाऱ्यांची नातवंडं वकिलाकडं परस्पर संमतीचे कागद घेऊन बसतात.

बाबांना हे मनूबिनू काही सांगितलं नाही. कपाट उघडून माझ्या लग्नाचा दाखला काढला. 1998. जात वेगळी, म्हणून नोंदणीनं केलं. तीस दिवस आमची नावं नोटीस बोर्डावर होती आणि कुठला नातेवाईक हरकत घ्यायला येतोय म्हणून मी एक दिवसाआड बघून यायचो. "शास्त्रात बसत नाही," हे वाक्य त्या महिन्यात किती जणांनी ऐकवलं याची मोजदाद नाही. कायद्याला तीन साक्षीदार लागतात. तिसरी सही कुणाची आहे ते बाबांना वाचायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाले, "ती सही तुझ्या आईनं धाडलं म्हणून केली." असेल. पण त्या कागदाला तुम्ही सत्तावीस वर्षं लग्नच म्हणताय की!

आणि शास्त्रात काय बसतं हे कोल्हापूरकरांनी कुणाकडनं ऐकावं? याच पंचगंगेवर खुद्द छत्रपतींना वेदोक्त मंत्र चालत नाहीत, पुराणोक्तच, असं सांगणारे होते. शाहू महाराजांनी त्यांचं ऐकून घेतलं नाही. 1917 ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, पुढं आंतरजातीय लग्नांनाही संस्थानात कायद्याची मान्यता दिली. त्यांचे फोटो लावायचे आणि मेसेज मात्र त्यांना वेदोक्त नाकारणाऱ्या राजपुरोहिताचे, राजोपाध्यांचे, फिरवायचे.

निकालाचं बघू. 17 ऑक्टोबर 2023. लग्न करण्याचा मूलभूत अधिकार घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत झाले. म्हणजे मेसेजवाल्याचा आकडा बरोबर आहे. कारण चूक आहे. धर्मात बसत नाही म्हणून नव्हे, तर हे काम संसदेचं आहे म्हणून. अशा जोडप्यांच्या नात्याला राज्यानं मान्यता द्यावी का, यावर तर निकाल तीन विरुद्ध दोन असा फुटला. ट्रान्सजेंडर व्यक्तीचं स्त्री-पुरुष नात्यातलं लग्न आजच्या कायद्यातही होऊ शकतं, हेही पाचही जणांनी मान्य केलं. ते मेसेजात का नाही? फेरविचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या, म्हणजे आज कायदा नाहीच. मग जेलची भीती कशाची घालताय?

‘आपल्याकडं कधी नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी मार्गशीर्षात ओढ्यावरच्या यल्लमाच्या आंबील यात्रेला जावं. साडी नेसलेले, डोक्यावर जग म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली पाटी घेतलेले जोगते, म्हणजे देवीला वाहिलेले पुरुष, दिसतील आणि ग्रुपवरचेच काका त्यांच्या पाया पडताना दिसतील. जोगता होणं आणि समलिंगी असणं या दोन गोष्टी एक नाहीत, मला कळतं. पण बाई-पुरुष या दोन खणांत न मावणारी माणसं विमानातनं आली नाहीत एवढं तरी कळावं.

राहिला शेवटचा सल्ला. खरा संताप त्याचाच आहे. आमच्या पेठेतल्या एका मुलीचं लग्न असंच ‘उरकलं’ गेलं. मुलाकडच्यांना मुलाचं ठाऊक होतं, मुलीकडच्यांना नव्हतं. आठ महिन्यांत ती परत आली. मुलगा वाईट नव्हता म्हणे, रडायचा नुसता. तिच्या आईनं मला एकदा माळ्यावरचं रुखवत दाखवलं. पातेली, डबे, समई, सगळ्यांवर दोघांची नावं कोरलेली. वापरायचं कसं आणि मोडीत तरी कुणासमोर घालायचं? इथं मंत्र सगळे म्हटले गेले होते, मुहूर्तही गाठला होता. संस्कारात काहीच कमी नव्हतं.

ही गोष्ट बाबांना माहीत होती, कारण ते त्या लग्नात जेवले होते. थोडा वेळ गप्प बसले. मग फोन माझ्याकडं दिला. "त्या तिघांना काय ते लिहून धाड. पण मोठं करू नकोस, वाचत न्हाईत ते."

मोठं झालंय. तरी धाडतोय.