‘सगळ्या बोर्डांना बसतात’ म्हणणाऱ्यांनो, आधी चकतीचा फोटो टाका

ऑक्टोबर उजाडला की डेन्व्हर काय, व्हँकुव्हर काय, म्युनिक काय, जुन्या सामानाच्या बाजारात दरवर्षी तोच प्रकार सुरू होतो. पंधरा-वीस वर्षं गॅरेजात पडून असलेली स्नोबोर्डची (बर्फावरून घसरत जायच्या फळीची) बाइंडिंग्ज, म्हणजे बूट त्या बोर्डाला जखडणारे पट्ट्यांचे साचे, बाहेर निघतात. समोरून काढलेला एक फोटो आणि खाली मजकूर: साइज एल, चालू स्थितीत, सगळ्या बोर्डांना बसतात. डोकं फिरतं हे वाचून. यातलं एकही वाक्य तपासून लिहिलेलं नसतं. आणि फसतो कोण? पहिल्याच हिवाळ्यात परदेशी आलेला, दर आठवड्याला सामानाचं भाडं परवडत नाही म्हणून जुनं घ्यायला निघालेला विद्यार्थी. त्यात आपल्या मराठी पोरापोरींची संख्या कमी नाही.

चकतीपासूनच बोलू, कारण विकणारे सगळ्यात जास्त तीच लपवतात. बाइंडिंगच्या तळाशी मधोमध एक गोल चकती असते आणि तिच्यातून स्क्रू बोर्डात जातात. पण बोर्डावरची भोकं सगळीकडे सारखी नसतात. बहुतेक कंपन्यांची ४ बाय ४ किंवा ४ बाय २ सेंटिमीटरवर असतात, एका बाइंडिंगला चार स्क्रू. बर्टन कंपनीच्या जुन्या बोर्डांवर तीन भोकांचा त्रिकोण असतो. बर्टनच्या आताच्या बहुतेक बोर्डांवर भोकंच नाहीत, एक लांब खाच आहे, तिला चॅनल म्हणतात आणि तिथे दोनच स्क्रू लागतात. १९९० च्या दशकातल्या बाइंडिंगची चकती बनली तेव्हा चॅनल अस्तित्वातच नव्हतं, मग ते ‘सगळ्या बोर्डांना’ कसं बसेल? आणि बर्टनचीच ईएसटी जातीची बाइंडिंग्ज चॅनलशिवाय कुठेही बसत नाहीत. बोर्ड उलटसुलट न बघता, भोकं न मोजता बाइंडिंग विकणं ही सरळ फसवणूक आहे.

त्याहून संताप येतो तो ‘चकती हरवलीय, पण कुठलीही मिळेल’ याचा. नाही मिळत! चकतीच्या कडेला दाते असतात, ते बेसप्लेटच्या, म्हणजे बाइंडिंगच्या तळाच्या, दात्यांत पक्के बसावे लागतात. कंपनी बदलली, कधीकधी नुसतं मॉडेल बदललं, तरी व्यास, जाडी आणि दाते बदलतात. न जुळणारी चकती आवळून बसवली तर ती घरात घट्ट वाटते आणि उतारावर बाइंडिंग गर्रकन फिरतं. चकतीशिवायचं बाइंडिंग फुकट दिलं तरी घेऊ नका.

स्क्रूचं तेच. हे स्क्रू एम ६ मापाचे, १ मिलिमीटर आट्याचे असतात. गॅरेजात सापडलेला कुठलाही ‘साधारण तसाच’ स्क्रू चालत नाही. लांब पडला तर इन्सर्टच्या, म्हणजे बोर्डाच्या भोकात बसवलेल्या आटेदार नळीच्या, तळाला टेकतो, बाइंडिंग ढिलंच राहतं आणि आणखी आवळलं की बोर्डाच्या तळाला फुगवटा येतो. आखूड पडला तर दोन-तीन आट्यांवर लटकतो आणि एक दिवस आटे घेऊन बाहेर येतो. हातानं फिरवल्यावर पाच-सहा पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. डोक्याचा आकारही चकतीच्या खाचेशी जुळायला हवा, नाहीतर चकतीच तडकते. आणि कृपा करून कोणालाही ‘जरा लॉकटाइट लाव’ असं सांगू नका. स्क्रू पक्का धरणारा असला साधा डिंक (थ्रेडलॉकर) पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला लागला की त्याला बारीक तडे जातात. सल्ला देणारा मोकळा, चकती फुटते दुसऱ्याची.

आता तो ‘एल’. अरे, एल म्हणजे कोणाचा एल? अलीकडचे तक्ते घेतले तरी बर्टनचं मीडियम अमेरिकन ८ ते ११ नंबरपर्यंत चालतं, युनियन कंपनीचं मीडियम ८ ते १० ला संपतं. म्हणजे साडेदहाचा पाय एकीकडे एम आणि दुसरीकडे एल. त्यात जुनी बाइंडिंग्ज त्या काळच्या अवजड बुटांसाठी बनलेली. आजचे बूट त्याच नंबरला बाहेरून लहान असतात, त्यामुळे जुन्या एलमध्ये नवीन बूट डावीउजवीकडे हलतो. आपल्याकडे युके ६-७ नंबरचे पुरुष भरपूर, त्यांच्या गळ्यात तर हमखास मोठं माप मारलं जातं, वर ‘पट्टा आवळला की झालं’ हा सल्ला.

पट्टा आवळून काहीही होत नाही. स्वतःचा बूट घेऊन जा आणि तिथेच घालून बघा. टाच मागच्या कड्याला पूर्ण टेकली पाहिजे, मध्ये फट नको. बुटाचं टोक आणि टाच बोर्डाच्या दोन्ही कडांबाहेर जवळजवळ सारखी, एक-दोन सेंटिमीटर येतात ना ते बघा. पुढे जास्त आली तर टाचेकडचं कडं किंवा पायाखालची पुढची फळी सरकते का ते तपासा, जुन्या कित्येक मॉडेलांत ती सरकतच नाही. घोट्याच्या पट्ट्याची गादी पायाच्या मधोमध यावी. रॅचेट, म्हणजे पट्टा ओढून आवळणारी खटकी, दातेरी पट्टीच्या शेवटच्या दातावर अडकत असेल, किंवा पूर्ण ओढूनही ढिलं राहत असेल, तर माप चुकलंय, विषय संपला. बाईला पुरुषाचं बाइंडिंग देणाऱ्यांनी हायबॅकची, म्हणजे पायामागच्या उभ्या पाठीची, उंचीही बघावी. बायकांच्या पोटऱ्या खालून सुरू होतात, उंच हायबॅकची कड तिथेच रुतते आणि दुपारपर्यंत पाय टाकवत नाही.

पण सगळ्यात मोठा राग आहे तो ‘फारसं वापरलंच नाही’ या वाक्यावर. प्लास्टिक न वापरताही म्हातारं होतं. ऊन, गॅरेजातला उन्हाळा आणि वर्षं यांनी नायलॉन, पॉलिकार्बोनेट ठिसूळ होतं. दिवाणखान्यात २० अंशांना ते वाकतं, उणे १५ ला तुटतं. म्हणून फोटो जवळून मागा. हायबॅक बेसप्लेटला जिथे जोडलंय तिथे, घोट्याच्या पट्ट्याच्या बोल्टभोवती आणि चकतीच्या गोलाकार दात्यांच्या कडेला केसासारखे तडे शोधा. वाकवल्यावर पांढुरकी रेघ उमटली की तो भाग संपलाय. पायाखालची फोमची गादी नखानं खरवडा, भुगा पडला तर वयाचा दाखला मिळाला. दातेरी पट्टीचे दाते गोल झालेत का, रॅचेट ओढल्यावर मागे घसरतं का, दोन्ही बघा. पट्टी आणि रॅचेट बदलता येतात, त्यासाठी सौदा मोडायची गरज नाही. बेसप्लेट तडकली असेल तर मात्र दुरुस्ती नाही. चिकटवून देतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

हे ‘चलता है’ खपतं, कारण अडवणारं कोणी नाही. स्कीचं बाइंडिंग पडताना पाय सोडतं, म्हणून तिथे दुकानं कंपनीच्या यादीबाहेरच्या जुन्या मॉडेलला हात लावत नाहीत. स्नोबोर्डचं बाइंडिंग पाय सोडतच नाही, तेव्हा तशी चाचणीही नाही. पण वळणाच्या ऐन मध्यावर एक पट्टा तुटला तर एक पाय मोकळा आणि दुसरा बोर्डाला जखडलेला, सगळा पीळ त्या गुडघ्यात. गुलमर्गला अफरवतच्या उतारावर हे झालं तर उरलेला डोंगर खोल बर्फातून चालत उतरायचा.

स्टेप-इन, म्हणजे पट्ट्यांशिवाय बूट नुसता दाबून अडकवायची बाइंडिंग्ज, विकणाऱ्यांशी तर बोलायचीच इच्छा होत नाही. क्लिकर, स्विच, बर्टनचं जुनं एसआय, या प्रत्येकाला फक्त स्वतःचेच बूट लागतात आणि ते बूट बनणं कधीच थांबलंय. बुटांशिवाय ही बाइंडिंग्ज ‘नवशिक्यांसाठी उत्तम’ म्हणून विकणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. पट्टे नसलेल्या, कड्यांच्या प्लेट बाइंडिंगला कडक बूट लागतात, तेही नवशिक्याचं काम नाही.

आणि बाइंडिंग कोणासाठी आहे हे विचारतो कोण? हायबॅकच्या वरच्या टोकाला तळहातानं दाबा आणि पिळा. जराही हललं नाही तर ५५ किलोच्या नवशिक्याला ते नको, पायाची प्रत्येक छोटी चूक बोर्डाच्या कडेपर्यंत पोचेल आणि तो आपटत राहील. कागदासारखं वाकलं तर ९० किलोचा माणूस टाचेच्या बाजूला वळताना बोर्ड उशिरा ऐकेल.

म्हणून विकणाऱ्यांनो, मॉडेलचं नाव, वर्ष, चकतीसकट तळाचा फोटो, हायबॅकची मागची बाजू, दातेरी पट्टी जवळून, सोबत किती स्क्रू आहेत तो आकडा, आणि दोन्ही पाय वेगवेगळे आहेत की दोन्ही डावेच, एवढं टाका. पाच मिनिटांचं काम आहे.