गाडीखालचा माणूस

गाडीचे मागचे शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर, गेले होते, एवढंच. गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला की तिने एकदा वर येऊन गप्प बसायला हवं. आमची नमाज पढल्यासारखी वरखाली होत राहायची. गॅरेजवाल्याने मजुरीसकट साडेसहा हजार सांगितले. मी तीन व्हिडिओ पाहिले आणि रविवारी सकाळी जॅक, उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि भोकं पडलेला बनियन असा जामानिमा करून सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरलो.

व्हिडिओतला माणूस अकरा मिनिटांत दोन्ही बाजू उरकतो. त्याच्या गावात पाऊस पडत नसावा. माझा डिकीतला वरचा नट फिरवला की त्याच्याबरोबर शॉकअपचा दांडाही गोल फिरायचा. म्हणजे एका पान्याने दांडा धरायचा, दुसऱ्याने नट आणि टॉर्च दातात. त्यात तास गेला. खालचा बोल्ट तर गंजून गाडीचाच अवयव झाला होता. त्याच्यावर डब्ल्यूडी-४० नावाचा स्प्रे मारला. पाणी हटवणारं, म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट'चं, हे मिश्रण चाळिसाव्या खेपेला जमलं म्हणून १९५३ साली त्याचं नाव असं पडलं. माझी चाळिसावी खेप केव्हाच उलटून गेली होती.

तेवढ्यात डोळ्यांसमोर दोन पांढरे स्पोर्ट्स शूज येऊन थांबले. वर पंजाबी ड्रेसची किनार. बी विंगमधल्या काकू, फिरून आलेल्या.

"ओ दादा, शॉकअपचं करता का?"

"हो." करतच होतो.

"आमची पण मागून आपटते. किती घेता?"

इथे मी बाहेर येऊन 'काकू, मी तीनशे दोनमधला' म्हणायला हवं होतं. पण खरं सांगतो, एकवीस वर्षं नोकरी केली, त्यात मला माझा भाव कुणी विचारला नव्हता.

"दोन हजार. मजुरी फक्त."

"दोन हजार! चौकातला आठशेत करतो."

"मग त्याच्याकडेच करा."

"तो फसवतो हो. तुम्ही किती वर्षं करताय?"

"आज पहिलाच दिवस."

"मग पाचशे. आणि आमचा एकच वाजतो, एकच बदला."

मी गाडीखालूनच समजावलं. शॉकअप जोडीनेच बदलतात. एक नवा, एक जुना ठेवला की वळणावर गाडीचे दोन कोपरे दोन सुनांसारखे वागतात. वजन स्प्रिंग पेलते. शॉकअप फक्त तिची उसळी शांत करतो, आत पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल ढकलून.

"म्हणजे तेलच टाका ना नवीन! आख्खा शॉकअप कशाला?"

मी गप्प. शूज मात्र हलेनात.

"ही कुणाची गाडी?"

"तीनशे दोनवाल्यांची." यात खोटं काही नव्हतं.

काकू वाकल्या. आवाज खाली आला. "पैसे आधी घेऊन ठेवा हं. दंड लागल्याशिवाय मेंटेनन्स भरत नाही तो माणूस. बायको सोन्यासारखी आहे. हा आपला असाच."

"असाच म्हणजे?"

"म्हणजे... लिफ्टमध्ये मान खाली घालून मोबाइल बघतो. असाच."

मेंटेनन्सचं सांगतो. एकदा, एकदाच, जूनमध्ये उशीर झाला होता, आणि तोही बँकेचं ॲप बंद होतं म्हणून. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

आणि हे शॉकअप काही माझ्या हौसेने गेले नाहीत. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबाने गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी चढून अलगद उतरते. आमच्या घरापासून ऑफिसपर्यंत गतिरोधक तेवीस आहेत आणि बहुतेक बांधावर उरलेलं डांबर ओतल्यासारखे. एक तर पांढरे पट्टेही नसलेला, ऐन झाडाच्या सावलीत. रस्त्याचा कर मी भरतो, गतिरोधकही मीच सोसतो आणि रविवारी पाठीवर झोपून बोल्टही मीच काढतो. यात विनोदी काय आहे, मला खरंच दिसत नाही.

असो. अर्ध्या तासाने काकूंनी मुलाच्या हाती चहा पाठवला. कागदी ग्लासात. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला मी बशीसकट कपातून चहा प्यायलो होतो, निळ्या फुलांच्या. चहा तोच होता, आलं घातलेला. अर्धा गार झाला तेव्हा लक्षात आलं की मी तो बाहेर निघून खुर्चीवर न बसता तिथेच, टायरला टेकून पितोय.

दुपारी दोन वाजता बोल्ट सुटला आणि माझी करंगळी सोलली. चारला दोन्ही शॉकअप बसले. गाडी आता दाबली की एकदा वर येऊन गप्प बसते. फक्त डावीकडून कुईं करते. बुशचा, म्हणजे शॉकअपच्या टोकातल्या रबरी कड्याचा, बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा आवळायचा, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं, हे व्हिडिओच्या शेवटी सांगितलं होतं. शेवट कोण बघतो?

रात्री सोसायटीच्या ग्रुपवर काकूंचा मेसेज आला: 'बाहेरचे मेकॅनिक पार्किंगमध्ये तेल सांडतात. वॉचमनने एंट्री देऊ नये.' सोबत फोटो. फोटोत गाडीखालून आलेले माझे दोन पाय, घरच्या निळ्या स्लीपरसकट.

अकरा अंगठे. अकरावा आमच्या हिचा.