फ्लेमिंगोचं तोंड कुठे?

क्रॉस स्टिच म्हणजे आपला फुलीचा टाका, शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीवर घालायचो तोच, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते डिझाईन ठरवणं. मोठ्या नणंदेची दिवाळीनंतर नेरूळला वास्तुशांत आहे आणि घरात ठरलं की हाताने केलेलं काहीतरी द्यायचं. घरात ठरलं म्हणजे सासूबाईंनी ठरवलं, हात माझे.

पहिला अर्थात गणपती. मस्त चार्ट मिळाला, तर सासूबाई चष्मा पुसून म्हणाल्या, "अगं, उजव्या सोंडेचा आहे हा, फार कडक असतो, तिच्याकडे सोवळंओवळं कोण पाळणार?" लेकीने लगेच मोबाईलवर चार्ट फ्लिप करून दिला. सोंड डावीकडे आली, पण खालचा ॐ पण उलटा झाला. बाद.

मग नवऱ्याला उत्साह. याचं म्हणणं, आपल्या ठाण्याच्या तलावपाळीचा, म्हणजे मासुंदा तलावाचा, फोटो टाक, ॲप पॅटर्न काढून देतं. देतं ना, ऐंशीच्या वर रंग काढून देतं! मासुंदा तलावाच्या पाण्यात संध्याकाळचे दिवे, म्हणजे एक फुली पिवळी, शेजारची करडी, तिच्या शेजारची भलतीच, दर फुलीला दोरा बदलत बसा. साइझ २५० बाय २००, म्हणजे ५० हजार फुल्या, १४ काउंटच्या आयडावर, म्हणजे इंचाला १४ चौकटी असलेल्या भरतकामाच्या कापडावर, जवळजवळ १८ बाय १४ इंच. "मग १८ काउंट घे ना, लहान होईल." अरे, फ्रेम लहान होईल, फुल्या तेवढ्याच राहणार, वर माझे डोळे जातील ते वेगळंच.

मग मला सुचलं, फ्लेमिंगो! ठाण्याच्या खाडीत दरवर्षी येतात, भरती आली की नेरूळकडच्या पाणथळीत जाऊन उभे राहतात, म्हणजे दोन्ही घरांचे पाहुणे. पण नेटवरचे सगळे फ्लेमिंगो अमेरिकेचे. भडक गुलाबी, मागे अननस, एकाला गॉगल, एकाला चक्क सांताची टोपी. आपले बिचारे बहुतेक लेसर फ्लेमिंगो, म्हणजे छोट्या जातीचे, फिकट गुलाबी, चोच गडद लालसर, आणि उभे चिखलात. शोधून शोधून एक तसा चार्ट मिळाला, तर पक्ष्याला चार गुलाबी आणि चिखलाला अकरा शेड! मला तर वाटतं डिझाईन बघताना फोटो बघूच नये, आधी रंगांची यादी बघावी, खरं काय ते तिथे कळतं.

दोऱ्यांसाठी जांभळी नाक्याजवळच्या गल्लीत गेले. चार्टवर नंबर डीएमसी ब्रँडच्या दोऱ्यांचे, दुकानात लड्या अँकर ब्रँडच्या. काळ्याचं सोपं आहे, डीएमसी ३१० म्हणजे अँकर ४०३. चिखलाचं मात्र कोणी सांगावं? दुकानदार म्हणतो "ताई, सेमच आहे, उन्हात बघा" आणि लडी धरतो ट्यूबलाइटखाली. शेवटी मीच बाहेर फुटपाथवर जाऊन आठ-दहा तपकिरी लड्या उन्हात धरून उभी राहिले, येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

घरी आल्यावर सासूबाईंनी चार्ट हातात घेतला. "एवढं करून बगळाच ना?" मी काही बोलले नाही. "आणि एका पायावर का उभाय? वास्तुशांतीला दोन पायांवरचा नाही का मिळत?" त्यावरही गप्प बसले. मग खरा मुद्दा आला, तोंड दाराकडे नको, लक्ष्मी बाहेर जाते. निदान याच्याखाली ॐ नाही, फ्लिप करता येईल, पण दार कुठल्या बाजूला आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, फ्लॅट अजून बघितलाय कुणी? गुपचूप फोन लावला.

"ताई, तुमच्या हॉलमध्ये सोफ्यामागच्या भिंतीला लागून दार उजवीकडे येतं की डावीकडे?"

"का गं, वास्तू बघायला शिकलीस की काय?"

सरप्राइज फुटायला नको म्हणून हो म्हटलं. आता व्हॉट्सॲपवर त्यांच्या घराचा अख्खा प्लॅन येऊन पडलाय, देवघर कुठे ठेवू ते सांग म्हणून.