कुलूप कोण उघडणार?

म्हाताऱ्यांसाठी ‘प्रत्येक वस्तीत विरंगुळा केंद्र बांधा’ असं एका लेखात वाचलं. म्हणणं मान्य, पण बांधल्यावर कुलूप रोज उघडणार कोण? पुण्यातल्या आमच्या वस्तीत मंडळाच्या खोलीतच म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो, दुपारी तीन ते पाच. गणपतीच्या आधी खोलीत ढोल-ताशे येतात, मग कट्टा बाहेर पारावर. चालवणाऱ्या चौघी, सगळ्या चार घरची धुणीभांडी उरकून येणाऱ्या. कॅरम आहे, भजन आहे, पण खरी गर्दी कागदांसाठी. गरीब म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. जन्मभर भांडी घासलेल्या माझ्या आत्याचा अंगठा त्या दाखल्यासाठी मशीनवर उमटेचना. चार खेपा झाल्या. शेवटी चौघींतल्या एकीने रात्री बोटांना खोबरेल चोळायला लावलं, सकाळी स्वतः सोबत गेली, तेव्हा कुठे उमटला. पंच्याहत्तरी झालेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, हेही निम्म्यांना कट्ट्यावरच कळलं. पुरुष मात्र कमी येतात (कमीपणा वाटत असावा, दुसरं काय!). चहा सुरू केल्यापासून दोघं-तिघं दारापर्यंत येऊन बसायला लागलेत.