वायर सोलायला लायटर का नको

एक सल्ला सध्या हातोहात फिरतो आहे. वायर सोलायला वेगळं हत्यार लागत नाही. टोक लायटरवर धरा आणि मऊ झालेलं प्लास्टिक ओढून काढा, नाहीतर ब्लेड गोल फिरवा. आतल्या दोन-चार बारीक तारा तुटल्या तरी करंट जातोच. शेवटी टोकाला सोल्डर लावलं की जोड पक्का. हे वाचून कुणीतरी खरोखरच स्विचबोर्ड उघडतं, म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी लायटर. वायरिंगमधलं साधं पीव्हीसी आवरण सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात काम करण्यासाठी बनवलेलं असतं. ज्योत त्याच्या कितीतरी पुढची. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो नाका-घशाला झोंबतो आणि ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होऊन तांबं खातं. तांब्यावर काजळी आणि ऑक्साइड बसतं ते वेगळंच, आणि नेमक्या त्याच जागी आपल्याला स्वच्छ धातू हवा असतो. एक्सएलपीईचं, म्हणजे न वितळणाऱ्या खास पॉलिथिनचं आवरण तर पीव्हीसीसारखं वितळून सुटतही नाही, करपतं.

ब्लेडबाबत सल्ला अर्धा बरोबर आहे. चाकूने सुरेख सोलणारे वायरमन असतात. पण ते पातं गोल फिरवत नाहीत. पेन्सिलीला टोक काढावं तसं तिरकं, जवळजवळ आडवं धरून आवरण छिलतात. गोल फिरवलेलं पातं तांब्यावर खाच पाडतं. खाचेपाशी तार तापते असं बरेच जण म्हणतात, पण खरा धोका तो नाही. एवढ्याशा जागेतली उष्णता शेजारच्या तांब्यात पसरून जाते. धोका वाकवताना आहे. एकेरी जाड तारेत सगळा ताण त्या खाचेवर एकवटतो आणि तार तिथेच मोडते, कधीकधी बोर्ड बंद केल्यानंतर, आतल्या आत.

स्ट्रिपर, म्हणजे वायर सोलायची मापाच्या भोकांची पक्कड, घ्यायचा तो यासाठी. मापाच्या भोकात पातं तांब्याच्या अलीकडेच थांबतं. भोक चुकलं तर मात्र स्ट्रिपरही तीच खाच पाडतो. काही स्ट्रिपरवर एडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीच्या अमेरिकन मापाचे आकडे असतात आणि त्यात आकडा वाढतो तशी तार बारीक होते: १४ म्हणजे सुमारे २.१ चौरस मिलिमीटर छेद, १६ म्हणजे १.३. आपली १.५ ची वायर या दोन्हींच्या मधे पडते. अशा वेळी टाकाऊ तुकड्यावर मोठ्या भोकापासून सुरुवात करून लहानाकडे यावं. आपोआप पकडून सोलणारे स्ट्रिपर पीव्हीसीवर छान चालतात. सिलिकॉनचं मऊ आवरण मात्र त्यांत नुसतंच ताणलं जाऊ शकतं.

'दोन-चार तारा' हा हिशोबही करून पाहा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीत बहुधा ०.२ मिलिमीटरच्या २४ तारा असतात. चार गेल्या म्हणजे सहावा हिस्सा गेला. वर एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला, म्हणजे वायर जोडायच्या जागेला, टेकली तर शॉर्ट. टोक कापा, पुन्हा सोला.

सोल्डरचा सल्ला सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो आणि स्क्रू टर्मिनलसाठी तोच सगळ्यांत वाईट आहे. सोल्डर मऊ धातू आहे. स्क्रूच्या सततच्या दाबाखाली तो हळूहळू पसरतो, दाब उतरतो, जोड सैल होऊन तापू लागतो. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे कडक आणि लवचीक भाग भेटतात. वायर हलत राहिली तर तारा तिथेच तुटतात. अशा टोकावर फेरूल चढवावी, म्हणजे धातूची छोटी नळी, आणि ती तिच्याच पक्कडीने दाबावी. सोल्डर सर्किट बोर्डावर ठीक आहे.

किती सोलायचं, याबद्दल त्या सल्ल्यात शब्दही नाही. बऱ्याच टर्मिनलवर ती लांबी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. उघडं तांबं बाहेर दिसत असेल तर जास्त सोललंय. स्क्रूखाली आवरण चिमटत असेल तर कमी.