'ऑल्दो'नंतर 'बट' आलं म्हणून हसता?

आज ऑनलाइन मीटिंगमध्ये आमच्या टीममधली एक मुलगी म्हणाली, 'ऑल्दो द डेटा केम लेट, बट वी फिनिश्ड द रिपोर्ट.' साहेबांनी तिला तिथेच तोडलं. 'ऑल्दो म्हण नाहीतर बट म्हण, दोन्ही कशाला?' आणि हसले. मग बाकीचेही हसले. डेटा उशिरा येऊनही तिने रिपोर्ट पूर्ण केला, हे कुणाच्या कानात शिरलंच नाही. डोकं फिरलं माझं.

अहो, मराठीत वाढलेला माणूस असंच बोलणार! 'जरी' म्हटलं की 'तरी' पाठोपाठ येतंच, नाही आलं तर वाक्य लंगडं वाटतं. इंग्रजीत दोन वाक्यं जोडायला एकच शब्द पुरतो. आणि 'तरी'वाचून चैनच पडत नसेल तर 'स्टिल' आहे ना! 'ऑल्दो द डेटा केम लेट, वी स्टिल फिनिश्ड द रिपोर्ट.' चोख इंग्रजी. मीटिंग संपल्यावर तिला एवढंच सांगता आलं नसतं?

चूक होती, मान्य. लेखी इंग्रजीत ती खटकतेच. 'असूनही' म्हणायला 'डिस्पाइट ऑफ' वापरणंही चूकच. 'ऑफ' लागतं ते 'इन स्पाइट'ला. 'डिस्पाइट'पुढे थेट नाम किंवा आयएनजीवालं रूप येतं: 'डिस्पाइट द डिले', 'डिस्पाइट गेटिंग द डेटा लेट'. पण यातल्या कुठल्या चुकीने अर्थाचा गोंधळ होतो, सांगा. गोंधळ होतो तो 'ईव्हन दो'च्या जागी 'ईव्हन इफ' घातल्यावर. 'ईव्हन दो' म्हणजे घडलेली गोष्ट, 'ईव्हन इफ' म्हणजे घडो न घडो. 'ईव्हन इफ द डेटा इज लेट' म्हटलं तर डेटा उशिरा आलाय की येऊ शकतो, हेच कळत नाही. तिथे टोका की खुशाल!

मला खरा संताप आला तो नंतर. तेच साहेब तिला म्हणाले, 'आय टोटली अंडरस्टँड, बट वी नीड अ बेटर प्लॅन.' व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण काय अंडरस्टँड केलं? डेटा उशिरा आला हे मानलं? रिपोर्ट झाला हे मानलं? समोरच्याचं काहीतरी आधी मान्य करायचं, मग आपलं म्हणायचं, यासाठी 'ऑल्दो', 'बट' हे शब्द असतात. 'यू आर राइट, द डेटा केम लेट. दॅट सेड, वी नीड अ बेटर प्लॅन.' असं म्हणाले असते तर तिला ते लागलं नसतं.

आणि क्रमही बघा. 'द रिपोर्ट इज गुड, बट द चार्ट्स आर वीक' ऐकलं की डोक्यात फक्त चार्ट राहतात. उलटं म्हणा, 'द चार्ट्स आर वीक, बट द रिपोर्ट इज गुड', तर माणूस चार्ट दुरुस्त करायला बसतो. शब्द तेच, चूकही तीच दाखवलेली.

रात्री तिला मेसेज केला. 'स्टिल'चं सांगितलं, आणि 'पण'च्याच अर्थाने वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'दो'चंही. 'द चार्ट्स आर वीक. आय लाइक द रिपोर्ट, दो.' रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस 'नेव्हरदलेस' (तरीही) क्वचितच काढतो, हा छोटा 'दो' मात्र सारखा वापरतो. तो जमला की 'बट' कुठे घालायचा ही धास्तीच राहत नाही.